ड्रम मशीनसारखे वाजतात? आधी टाळीची जागा बदला

तुम्ही लिहिलंय की व्हायोलिनमध्ये विशारद आहात, आता घरी कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमध्ये ड्रम भरताय, लय चोख आहे आणि तरी सगळं पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. मीही इंदूरचाच, तबल्यावरून इकडे आलेलो, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे.

आपला पिंड समेचा. हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. रॉक-पॉपमध्ये मात्र चार बीटच्या बारमध्ये (म्हणजे आवर्तनात) स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा, फटका दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर असतो. केरवा तालाच्या हिशेबात सांगतो : आठ मात्रा धरा, एका बीटच्या दोन; किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) एक आणि पाचवर, स्नेअर तीन आणि सातवर, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) आठही मात्रांवर. आता तोंडाने 'धा गे ना ती, ना क धी ना' म्हणा आणि टाळी फक्त तिसऱ्या नि सातव्या मात्रेवर द्या. ऐकायला सोपं आहे. मला दोन दिवस सम ओढून नेत होती. हे अंगात मुरेपर्यंत माउसला हात लावू नका.

दुसरं म्हणजे, त्या सॉफ्टवेअरमागे एक माणूस बसलाय असं समजा, दोन हात आणि दोन पायांचा. माझा पहिला ट्रॅक मी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका मित्राला मोठ्या तोऱ्यात ऐकवला. टॉमवर (स्नेअरशेजारचे खोल आवाजाचे ड्रम) दोन्ही हातांचा रोल, म्हणजे भराभर ठोके, चाललाय आणि वर हाय-हॅटवर काडी तशीच टिकटिकतेय. तो म्हणाला, "दादा, तिसरा हात कुठून आणू?" तेव्हापासून रोल आला की मी हॅटचे ठोके पुसतो. फार तर डाव्या पायाने हॅट मिटण्याची 'चिक' ठेवतो.

जोराचं गणित तुम्हाला जमेलच, व्हायोलिनच्या गजाला दाब देणं तुम्हाला नवं नाही. व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याच्या जोराचा आकडा, 1 ते 127 असते. मुख्य स्नेअर 105-115च्या आसपास, मधले हलके घोस्ट ठोके 25-40, आणि हॅट एक जोरात, एक हळू. सगळं 100वर ठेवलंत तर ड्रमच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांची कितीही महागडी लायब्ररी घ्या, डबाच वाजणार. लायब्ररीत राउंड-रॉबिन आहे का तेही बघा. म्हणजे एकाच ठोक्याची अनेक रेकॉर्डिंग आलटून पालटून वाजतात. नसेल तर भराभर ठोक्यांची मशीनगन होते.

कुठला ड्रम कुठल्या नोटवर, ते आकडे बहुतेक ठिकाणी जनरल मिडी या ठरलेल्या पद्धतीचेच : किक 36, स्नेअर 38, बंद हॅट 42, उघडी 46. बंद वाजली की उघडीचा आवाज तुटला पाहिजे, झांजांची जोडी एकच आहे ना!

आणि हो, पखवाजवादक नाना पानशांच्या गावात राहून हे सांगणं जिवावर येतं, पण दर चौथ्या बारला तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) नको. आठ बारनंतर शेवटच्या दोन बीटपुरता फिल (भरीचा छोटा तुकडा), मग एकवर क्रॅश (मोठी झांज) आणि किक एकदम. समेची हौस तिथे भागवा. पुढच्या वेळी आठ बारचा तुकडा टाका, फक्त किक, स्नेअर आणि हॅटचा.