वाचकांचे प्रश्न : भविष्य सांगायचे किती घेता?

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी घाटंजी तालुक्यात आहे. कापूस आणि तूर, दोनच माल. यंदा वार्षिक सभेला पुण्याचा एक ‘फ्युचरिस्ट’, म्हणजे भविष्यवेधी, वक्ता बोलवावा, असा संचालक मंडळातल्या तरुण पोरांचा आग्रह आहे. एजन्सीचं कोटेशन आलं : पंचेचाळीस मिनिटांचं भाषण, तीन लाख रुपये अधिक जीएसटी, विमान आणि हॉटेल आपल्याकडे. विषय ‘२०४० ची शेती : एआय, ड्रोन आणि तुम्ही’. अर्धा खर्च एक बियाणं कंपनी उचलायला तयार आहे, उरलेला सभासदांच्या पैशातून. म्हातारे सभासद नाही म्हणतात, तरुण म्हणतात आपण मागं राहू. काय करावं?
— अध्यक्ष, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी त्या बियाणं कंपनीचं बोलू. तिला २०४० ची एवढी काळजी काऊन आहे? तिचा माल तर पुढच्या जूनमध्ये खपायचा आहे. भाषणाचे पैसे जो देतो त्याचा कॅटलॉग भाषणात येतोच, कधी स्लाइडवर, कधी मांडवाबाहेरच्या स्टॉलवर. वक्ता खोटं बोलेल असं मी म्हणत नाही. पण गुलाबी बोंडअळीवर तो किती बोलेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

जिल्हा बँकेत तपासणीच्या कामावर होतो, तेव्हा नागपूरच्या एका हॉटेलात असं एक भाषण मीही ऐकलंय. कानाला लावलेला माइक, पडद्यावर रोबोट, आणि कोडॅकची गोष्ट. ही गोष्ट नसलेलं असलं भाषण मला अजून भेटायचं आहे. कोडॅकला डिजिटल कॅमेरा दिसला नाही, म्हणून ती बुडाली, सबब तुम्हीही जागे व्हा. आम्ही शाखाधिकारी असे खजील झालो, जसे फोटोचे रोल आम्हीच विकत होतो. प्रत्यक्षात पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरनं १९७५ मध्ये कोडॅकमध्येच बनवला होता. कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला २०१२ मध्ये. मधली सदतीस वर्षं भविष्य त्यांच्या घरातच होतं. पण रोलचा धंदा जोरात होता, तो कोण सोडणार?

आपल्याकडे काय वेगळं झालं? बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या पिढीच्या बीटीला जुमानत नाही, हे ते तंत्र आणणाऱ्या मॉन्सॅन्टो कंपनीनंच २०१० मध्ये सांगितलं. दुसऱ्या पिढीचंही तेच होतंय, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ पुढं सांगत राहिले. आणि २०१७ ला आपल्या वावरात बोंडं फोडून पाहिली तेव्हा आत अळ्या. तोवर आपण फरदड घेत राहिलो, मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवून अळीला बारमाही जेवण दिलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी यायची, अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून कडेनं लावायला, ती धुऱ्यावर फेकली. कास्तकाराला बुडवणारं भविष्य बहुतेक वेळा कोणाला तरी आधीच माहीत असतं, आणि तो माणूस वर्धा रोडवरच्या सरकारी इमारतीत बसलेला असतो. त्याला एजन्सी नसते. चिठ्ठी पाठवा, गाडीची सोय करा, येतो.

तरुणांची बाजूही मांडतो, कारण ते अगदीच चुकीचे नाहीत. या धंद्यात खरी माणसं होऊन गेली आहेत. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर द फ्युचरचे रॉय आमारा सांगत की, नव्या तंत्राचा परिणाम आपण जवळच्या काळात फार मोठा समजतो आणि लांबच्या काळात फार छोटा. मोबाइल आठवा, पटेल. शेल या तेल कंपनीत पिएर वॅक नावाचे फ्रेंच गृहस्थ होते. तेलाचा भाव किती होईल हे ते सांगत नसत. तेल देणाऱ्या देशांनी हात आखडला तर आपण काय करू, हे ते साहेबलोकांकडून १९७३ च्या आधीच वदवून घेत होते. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी खरंच हात आखडला, काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाला. बाकीच्या कंपन्या हबकल्या, शेलच्या लोकांनी निदान विचार करून ठेवलेला होता. असा कोणी पुण्याहून येत असेल तर मीही घाटंजीची एसटी पकडतो.

पण मंचावर मागणी असते छातीठोक माणसाला. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञानं २८४ जाणकारांचे हजारो अंदाज जवळपास दोन दशकं तपासले आणि २००५ मध्ये निकाल मांडला. जाणकारांचे अंदाज डोळे मिटून केलेल्या निवडीपेक्षा जेमतेम बरे निघाले. आणि ज्यांचं नाव वर्तमानपत्रांत जास्त, त्यांचे त्यातही कच्चे.

म्हणून एजन्सीला एक ओळ लिहून पाठवा : या वक्त्याचं पाच वर्षांपूर्वीचं भाषण पाठवा. व्हिडिओ चालेल. ते संचालक मंडळानं चहा पिता पिता बघावं. काय खरं झालं, काय नाही, आणि जे चुकलं त्याबद्दल हा माणूस आज काही बोलतो का? व्हिडिओ आलाच नाही, तर तीन लाखांचा निर्णय तिथंच झाला.

आता सभेचं. वॅकसारखं काम जिनिंगच्या शेडमध्ये दरीवर बसून होतं, फुकटात. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत गेली. म्हणजे आपली पहिली वेचणी आणि परदेशी गाठी एकाच वेळी बाजारात. त्याच हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, पण सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी हवी. ज्याच्या सातबाऱ्याचा घोळ, ज्याचा आधारचा मोबाइल नंबर बंद, तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर. एआयच्या आधी तंत्रज्ञान हे असं दारात येऊन उभं राहतं. सभेत विचारा : शुल्क पुन्हा निघालं तर आपला किती कापूस कंपनीच्या गोदामात थांबवता येईल, आणि थांबलेल्या कास्तकाराला घरखर्चाला उचल कोण देईल? वेचणीला बाया मिळाल्याच नाहीत तर? नोंदणी करून द्यायला कंपनीत पगारी पोरगा ठेवायचा का? तरुण संचालकांना इथं कामाला लावा, त्यांना हे म्हाताऱ्यांपेक्षा चांगलं जमतं.

आणि ड्रोन ऐकायचाच असेल तर नमो ड्रोन दीदी योजनेतली एखादी बाई बोलवा. देशभर १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्यासाठी मंजूर झालेली योजना, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत. बॅटरी किती टिकते, दिवसाला किती एकर होतात, हंगाम सरल्यावर यंत्राचं काय करते, हे ती सांगेल. तिला मानधन द्या, साडी-नारळावर भागवू नका.

प्रश्न : मी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वक्तृत्वात बक्षिसं आहेत. भविष्यवेधी वक्ता होण्यासाठी काही शिक्षण असतं का, की नुसतं बोलता यायला लागतं? घरचे म्हणतात, स्पर्धा परीक्षा दे.
— एक वाचक, वरूड

उत्तर : ताई, शिक्षण असतं. अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात या विषयाची पदवी आहे, फिनलंडमध्ये तुर्कूला संशोधन केंद्र आहे. त्या देशाच्या संसदेत तर १९९३ पासून भविष्य समितीच आहे. आपल्याकडे तिरुवनंतपुरमला केरळ विद्यापीठाचा फ्युचर स्टडीज विभाग आहे. पण मंचावरच्या बहुतेकांनी यातलं काही शिकलेलं नसतं. कोणी आयटीतून आलेला, कोणी विक्रीतून.

तुझ्याकडे मात्र एक गोष्ट आहे. वरूड-मोर्शी पट्ट्यात पाणी किती फूट खाली गेलं, संत्र्याची फळगळ किती झाली, नवीन बागा कोणी लावल्या आणि कोणी तोडल्या, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवणारी माणसं कमी आहेत. गावातल्या विहिरींपासून सुरू कर. दरवर्षी आपला अंदाज तारीख टाकून लिही आणि पुढच्या वर्षी स्वतःच तपास. चार-पाच वर्षांची अशी वही असलेली मुलगी बोलायला उभी राहिली तर तिला कानाला माइक नसला तरी चालतं. स्पर्धा परीक्षेचा फॉर्मही भर. बाबांशी भांडण काढण्याइतका हा धंदा पक्का नाही.

प्रश्न : तुम्ही शहाणे लोक भेंडवळच्या घटमांडणीला हसता आणि सुटाबुटातल्याचं भविष्य टाळ्या वाजवून ऐकता. फरक काय?
— एक कास्तकार, ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा

उत्तर : काकाजी, टाळ्यांचा आरोप माझ्यावर नको, पण प्रश्न रास्त आहे. एका बाबतीत भेंडवळ वरचढ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात : अठरा धान्यं, मधोमध घागर, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पापड-कुरडई. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाहणी आणि लगेच भाकीत. ते पेपरात छापून येतं, दिवाळीपर्यंत प्रत्येक कास्तकार त्याचा हिशेब लावू शकतो. २०४० वाल्याचा हिशेब कोण लावणार?

एवढं सोडलं तर मी घटाच्या बाजूचा नाही. रात्री मुंगीनं ज्वारीचा दाणा हलवला, यावरून ज्याच्यावर पाऊस अवलंबून असतो ते समुद्राचं तापमान कळत नाही. हवामान खातं एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतं, देशाच्या ८७ सेंटिमीटर सरासरीच्या टक्क्यांत, आणि सोबत छापतं की यात पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. आपल्या चुकीचं माप आधीच सांगणारा भविष्यवाला मला तिथंच दिसला. अर्थात तो आकडा देशाचा, तुमच्या शिवाराचा नाही. मे अखेरीस सुधारित अंदाज येतो, तो बघा. पण सरकी टोबायची ती वावरात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्यावरच, घट काहीही सांगो.