आईचं वय ६२, कण्याला स्कोलिओसिसचा (बाजूला वळलेला) बाक आहे. लहान छेदातून फ्युजन (स्क्रू-सळ्या घालून मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया) करावं का?

नुसता एक्स-रेवरचा बाक बघून करू नका. दुखणं पायात उतरतंय, चालताना सारखं बसावं लागतंय आणि फिजिओथेरपीने फरक नाही, तरच विचार करा.

उभं राहून काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे महत्त्वाचा. आई पुढे झुकून चालत असतील किंवा बाक मोठा, ताठर असेल, तर लहान छेदाची पद्धत बहुधा पुरत नाही. मोठ्या छेदापेक्षा रक्तस्राव आणि स्नायूंची इजा कमी होते हे खरं, पण आतले स्क्रू-सळ्या त्याच, आणि हाडं जुळायला ६ महिने ते वर्ष लागतंच. आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करा. ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात. तंबाखू, मिश्री असेल तर बंद. आणि सर्जनना विचारा, फक्त नसेवरचा दाब काढून भागेल का? कधीकधी भागतं.