8 महिन्यांच्या बाळाला तापात आकडी आली, चांदीपुरा (मेंदूला सूज आणणारा व्हायरस) असेल का?

तुम्ही लिहिलंय की आकडी दोनेक मिनिटांत थांबली आणि बाळ आता दूध पितंय, हसतंय. मग बातम्या बघून जीव टांगणीला लावू नका, 6 महिने ते 5 वर्षांच्या पोरांना नुसत्या तापानेही आकडी येते आणि बहुतेक पुढे ठणठणीत असतात. तरी पहिलीच वेळ आहे, आजच डॉक्टरांना दाखवा.

मी विदर्भात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ताप किती आहे यापेक्षा आम्ही आधी बघतो की आकडी थांबल्यावर पोरगं भानावर येतंय का. थोडा वेळ झोपलं तर चालतं, पण तासाभरानेही आईकडे बघत नाही, अंगाला हात लावला तरी हालचाल नाही, उलट्या थांबत नाहीत, परत आकडी आली, तर मेंदूला सूज असू शकते. बाळ रडत नसताना उभं धरून टाळूवरून हात फिरवा, फुगलेली लागली तर घरी थांबायचंच नाही.

चांदीपुरा हे आपल्या नागपूरकडचंच गाव, 1965 मध्ये तिथल्या तापाच्या पेशंटच्या रक्तात हा व्हायरस सापडला म्हणून हे नाव. वाळूमाशी चावून होतो, ती डासापेक्षा बारीक, भिंतीच्या भेगांत नि गोठ्यात राहते. 2024 ला गुजरातमध्ये साथ आली तेव्हा गुजरात-राजस्थान मिळून 64 केसेस लॅबमध्ये पक्क्या झाल्या होत्या. भीती वाटते ती वेगाची, सकाळी ताप, रात्री कोमा, असंही होतं, आणि यावर खास औषध नाही, लस नाही, पण आकडी, श्वास, शुगर वेळेत सांभाळली तर पोरं वाचतात.

परत आकडी आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढा (डॉक्टरांना फार उपयोग होतो) आणि 5 मिनिटांत थांबली नाही तर 108. कांदा, चप्पल हुंगवू नका प्लीज! आमच्याकडे अजूनही पोरं नाकाला कांद्याचा रस लागलेली येतात, एकाच्या हिरड्या चमचा घालून फाडलेल्या होत्या. आकडी थांबवायला घरी ठेवायचा नाकातला स्प्रे मिळतो, तुमच्या बाळाला लागेल का ते डॉक्टरांना विचारा.

पुढच्या महिन्यात गोवराच्या लसीला जाल तेव्हा जपानी मेंदूज्वराची (हा वेगळा आजार, चांदीपुरा नव्हे) लस तुमच्या जिल्ह्यात देतात का तेही विचारून घ्या, काही जिल्ह्यांत ती सरकारी दवाखान्यात फुकट आहे.