चौकट तीच, मग चुटपुट कसली?

तुमचा प्रश्न असा: "सुपरहिरोंचे चित्रपट दिसायला जबरदस्त असतात, काही वेळा तर आख्खी फ्रेम कॉमिकमधून जशीच्या तशी उचललेली असते, तरी कॉमिक वाचणारे थिएटरमधून तोंड पाडून का बाहेर येतात? त्यांना नक्की हवं तरी काय असतं?"

मी बडोद्याचा. इथल्याच फाइन आर्ट्सला शिकलो आणि जाहिरातींसाठी स्टोरीबोर्ड काढतो, म्हणजे कागदावरचं चित्र कॅमेऱ्यासमोर नेणं हे माझं रोजचं काम. कॉमिक्स त्याच्या कितीतरी आधीपासून वाचतोय. त्यामुळे ही चुटपुट मला चांगली ओळखीची आहे.

माझं उत्तर हे की कॉमिकमधलं एखादं चित्र वर्षानुवर्षं मनात राहतं ते आधीच्या पानांच्या जोरावर. चित्रपटवाले ते चित्र उचलतात आणि आधीची पानं तिथेच राहतात. ज्याने कॉमिक वाचलेलं नाही त्याला पडद्यावर एक सुंदर दृश्य दिसतं. ज्याने वाचलंय त्याला त्याच दृश्यात काय गहाळ झालंय तेही दिसतं.

एकच उदाहरण नीट बघू. फ्रँक मिलरचं बॅटमॅनचं कॉमिक 'द डार्क नाइट रिटर्न्स', १९८६ चं. ब्रूस वेन पंचावन्न वर्षांचा झालाय, बॅटमॅन होणं सोडून दहा वर्षं लोटलीत. रात्री घरात एकटा टीव्हीसमोर बसलाय. चॅनल बदलता बदलता झोरोचा जुना सिनेमा लागतो. लहानपणी आईवडिलांचं बोट धरून तो हाच सिनेमा बघून बाहेर पडला होता आणि त्याच गल्लीत दोघांचा खून झाला होता. नुसता सिनेमाच तर आहे, बघायला काय हरकत, अशी तो स्वतःची समजूत घालतो. आणि मग पान बारीक बारीक चौकटींत फुटतं. हात, पिस्तूल, आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ, ताणलेला दोरा, निसटणारा मोती. शब्द जवळजवळ नाहीतच. म्हातारा होत आलेला एक माणूस जे आठवायचं नाही ते आठवतोय, आणि ते त्याला एकदम सगळं आठवत नाही, तुकड्यातुकड्याने आठवतंय. आठवण संपल्यावर तो चॅनल बदलतो तर पुढे शहरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या. त्या दोन-चार पानांत दहा वर्षांचा निश्चय ढासळतो.

आता २०१६ चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' घ्या. सुरुवातीच्या नामावलीतच तो खून येतो. पिस्तुलाची नळी माळेत अडकते, माळ तुटते, मोती संथ गतीने उधळतात. प्रकाशयोजना अप्रतिम आहे, माझ्यासारख्याला ती फ्रेम थांबवून अभ्यासावीशी वाटते. पण हा माणूस कोण, त्याने काय सोडलंय, काय दाबून ठेवलंय, यातलं काहीच प्रेक्षकाला अजून ठाऊक नाही. मोती तेच आहेत, पण ते कोणाला आठवताहेत हा भागच गेला. पुढे दोघांच्या मारामारीचंही तसंच. कॉमिकमध्ये बॅटमॅन चिलखत घालून सुपरमॅनसमोर उभा राहतो तेव्हा त्यामागे अनेक वर्षांची मैत्री असते. सुपरमॅनने सरकारची चाकरी पत्करलेली, बॅटमॅनने साफ नाकारलेली. दोन जुने मित्र एकमेकांना मारताहेत, म्हणून वाचताना पोटात तुटतं. चित्रपटात ते दोघे एकमेकांना धड ओळखतसुद्धा नाहीत. चिलखत मात्र हुबेहूब.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. कॉमिक वाचताना वेळ वाचकाच्या हातात असतो. कधी बडोद्याला आलात तर विश्वामित्रीच्या पुलाजवळचं कीर्तिमंदिर बघा. आत नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंती आहेत: गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा. विद्यार्थी असताना आम्ही तिथे स्केचबुक घेऊन बसायचो. युद्धाच्या भिंतीसमोर बसलं की नजर कुठून सुरू करायची, कुठे थबकायचं, कुठे परत फिरायचं हे आपलं आपण ठरवतो. एकजण घोड्यांपाशीच अडकायचा, दुसरा एका पडलेल्या माणसापाशी. कॉमिकचं पानही हेच स्वातंत्र्य देतं, वर दोन चौकटींमधली मोकळी पट्टी देतं. त्या पट्टीत काय घडलं ते वाचक स्वतः भरतो. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो आणि एकाही चित्रापाशी थांबू देत नाही. तो त्या कलेचा स्वभावच आहे, दोष नाही. पण मग पानाचं नुसतं रूप पडद्यावर आणून पानाचा परिणाम मिळत नाही. आंग ली यांनी २००३ च्या 'हल्क'मध्ये पडदाच चौकटींत विभागून पाहिला होता. प्रयोग धाडसाचा होता, आणि मला आवडतोही. तरी चौकटी दिसल्या आणि सरकून गेल्या, त्यांच्यात रेंगाळता आलं नाही.

माझ्या भाच्याने 'वॉचमेन' हा चित्रपट आधी पाहिला आणि तो भारावून गेला होता. मग मी त्याला कॉमिक दिलं. अ‍ॅलन मूर यांचं लेखन, डेव्ह गिबन्स यांची चित्रं, १९८६-८७ मध्ये निघालेले बारा अंक. तो वाचत असताना मी समोर माझं काम करत होतो. पाचवा अंक संपवून तो गप्प बसला, मग अंकाच्या पहिल्या पानावर गेला, परत शेवटच्या पानावर आला. पहिल्या पानावर डबक्यात निऑनच्या पाटीचं प्रतिबिंब आहे, शेवटच्या पानावरही. मग तो दोन्हीकडून एकेक पान आत सरकत गेला. त्या अंकातली पानं मधल्या पानापासून आरशासारखी एकमेकांसमोर रचलेली आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. बोटाने पानं धरून त्याने ते स्वतः शोधून काढलं. हा आनंद थिएटरच्या खुर्चीत कसा मिळणार?

(यापुढे 'वॉचमेन'चा शेवट उघड करतोय. वाचायचं राहिलं असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा.) त्या कॉमिकमध्ये न्यूयॉर्कच्या एका कोपऱ्यावर वर्तमानपत्रांचा ठेला आहे. विक्रेता दिवसभर बडबडत असतो. शेजारी एक पोरगा चाच्यांचं कॉमिक फुकटात वाचत बसलेला असतो. दोघांचा कथानकाशी थेट संबंध काहीच नाही. पण आपण पुन्हा पुन्हा त्यांच्यापाशी येतो, त्यांची कुरबुर ऐकतो, येणारीजाणारी माणसं ओळखायला लागतो. अकराव्या अंकाच्या शेवटी शहरावर संकट कोसळतं तेव्हा तो विक्रेता त्या पोराला मिठीत घेतो, आणि पान पांढरं होतं. बारावा अंक उघडला की सलग सहा पानं, प्रत्येक पानावर एकच मोठं चित्र: रस्त्यावर प्रेतांचा खच. अकरा अंक आपण पानाला नऊ चौकटी अशा शिस्तीत वाचत आलेलो असतो. इथे ती शिस्त मोडते आणि छातीवर दगड पडल्यासारखं होतं. पडद्याला हे कसं करता येणार? पडदा पहिल्या मिनिटापासून भरलेलाच असतो. शिवाय २००९ मध्ये थिएटरात आलेल्या चित्रपटात ठेल्यावरची ती दोघं क्षणभरच दिसतात. मिठी आहे, पण मिठी मारणाऱ्यांशी आपली ओळखच झालेली नाही. पुढे लांबवलेल्या आवृत्तीत ती दोघं परत आली, पण तोवर बहुतेकांचा चित्रपट बघून झाला होता.

शेवटी संकट कोणतं हेही चित्रपटात बदललंय. कॉमिकमधला स्क्विडसारखा अजस्र प्राणी काढून टाकला आणि खापर डॉ. मॅनहॅटन या अचाट शक्तीच्या सुपरहिरोवर फोडलं. यावर चाहत्यांनी रान उठवलं. मला तो बदल अजिबात खटकला नाही, कथेत तो नीट बसतो. मला खटकते ती गल्लीतली मारामारी. डॅन आणि लॉरी हे दोघे एकेकाळचे सुपरहिरो. कॉमिकमध्ये डॅन हा पोट सुटलेला, मधल्या वयाचा माणूस आहे. तो आणि लॉरी गुंडांच्या तावडीत सापडतात आणि त्यांना झोडपतात, पण एक चौकट सोडून एक डॉ. मॅनहॅटनची टीव्हीवरची मुलाखत चाललेली असते, त्यामुळे मारामारी सलग दिसतच नाही. संपल्यावर दोघे धापा टाकत, एकमेकांकडे न बघता उभे असतात. मारण्यात आपल्याला मजा वाटली याची त्यांना लाज वाटते आहे. चित्रपटात तीच मारामारी मोडलेली हाडं बाहेर येईपर्यंत दाखवली आहे आणि ती इतकी देखणी आहे की प्रेक्षक शिट्ट्या मारतो. सुपरहिरो होण्याच्या हौसेवर शंका घेणारं ते पुस्तक होतं. पडद्यावर तीच हौस भागवली गेली.

गंमत म्हणजे त्याच चित्रपटातला सगळ्यात उत्तम भाग म्हणजे बॉब डिलनच्या गाण्यावर चालणारी सुरुवातीची नामावली. जवळजवळ गोठलेल्या चित्रांतून मुखवटेवाल्यांच्या चार दशकांचा इतिहास डोळ्यांसमोरून सरकतो. कॉमिकमध्ये असा प्रसंग रचलेला नाही, तो दिग्दर्शकाचा स्वतःचा. कॉमिकचे कट्टर भक्तही त्याला नावं ठेवत नाहीत.

यावरून तुमच्या लक्षात येईल की चाहत्यांना तंतोतंत नक्कल हवी असते हा गैरसमज आहे. वुल्व्हरीन कॉमिकमध्ये जेमतेम सव्वापाच फुटांचा, ठेंगणा, केसाळ. त्याची भूमिका करणारा ह्यू जॅकमन चांगला सहा फुटांवर. २००० मध्ये 'एक्स-मेन' आला तेव्हा कुरकुर झाली, आज त्याच्याशिवाय वुल्व्हरीन डोळ्यांसमोर येत नाही. उंची चुकली, पण चीड आणि एकटेपण बरोबर उतरलं. उगाच गदारोळ करणारे चाहतेही असतात, हे मान्यच करायला हवं. मायकल कीटनला बॅटमॅन केलं तेव्हा चित्रपट बघण्याआधीच लोकांनी निषेधाची हजारो पत्रं पाठवली होती. नट कोण, कपड्याचा रंग कोणता यावरून चालणाऱ्या अशा आरडाओरड्यात मला रस नाही. त्यात पुष्कळदा नुसता आडमुठेपणा असतो, कधी कधी त्याहून वाईट काही.

याउलट दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मामांची तक्रार मला शंभर टक्के पटते. त्यांच्या पिढीचा हिरो म्हणजे 'इंद्रजाल' कॉमिक्समधला वेताळ, इंग्रजीतला फँटम. १९९६ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला. जांभळा पोशाख, घोडा, कवटीची अंगठी, जंगल, सगळं जागच्या जागी होतं. पण वेताळाचा उघडा चेहरा पाहील तो मरेल अशी जंगलात म्हण, आणि वाचकालासुद्धा त्याचे डोळे कधी दाखवलेले नाहीत. शहरात गेला तरी टोपी आणि काळा चष्मा. चित्रपटात तो न्यूयॉर्कला जातो तो सरळ उघड्या चेहऱ्याने. मामा म्हणतात, "मग उरलं काय? जांभळ्या कपड्यांतला एक देखणा माणूस." वेताळाचा सगळा दरारा न दाखवलेल्या चेहऱ्यावर उभा होता. पडद्यावर नटाचा चेहरा दाखवावाच लागतो हा धंद्याचा हिशेब मला कळतो, पण त्या हिशेबात वेताळच गेला.

हुबेहूब उचललेलं चित्र कामी येतच नाही असंही नाही. 'स्पायडर-मॅन २' (२००४) आठवा. पीटर, म्हणजेच स्पायडर-मॅन, आपला पोशाख गल्लीतल्या कचऱ्याच्या पिंपात टाकतो आणि पाठ फिरवून निघून जातो. हे चित्र थेट १९६७ च्या पन्नासाव्या अंकातलं, जॉन रोमिटा यांनी काढलेलं. पण तिथवर येईपर्यंत चित्रपटाने आपल्याला त्याची पिझ्झा पोचवण्याची नोकरी जाताना दाखवलीय, मेरी जेनच्या नाटकाला झालेला उशीर दाखवलाय, मे काकूचं डळमळलेलं घर दाखवलंय, ऐन वेळी दगा देणारी शक्ती दाखवलीय. कॉमिकमध्ये कारणं थोडी वेगळी आहेत. तरी ती फ्रेम आल्यावर थिएटरमधल्या कॉमिक वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, कारण सॅम रायमींनी त्या चित्रासाठी स्वतःची आधीची पानं लिहिली होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नक्की हवं काय. २०१८ चा 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' मिळवून बघा. छपाईचे ठिपके, चौकटी, पडद्यावर उमटणारे शब्द, कॉमिकचं सगळं सामान त्यात आहे. पण मी सांगतोय ते जंगलातलं दृश्य, जिथे पीटर माइल्स या पोरसवदा नव्या स्पायडर-मॅनला जाळ्यावर झुलायला शिकवतो. तिथे पीटरची हालचाल सेकंदाला चोवीस चित्रांची आहे आणि माइल्सची बाराची. म्हणून पीटर सहज वाहत जातो आणि शेजारी माइल्स अडखळत, झटके खात मागे पडतो. कोणी एक शब्दही न बोलता कळतं की पोरगा नवखा आहे. असं कुठल्याही कॉमिकच्या पानावर करता आलं नसतं, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही कॉमिक वाचणाऱ्याने त्या चित्रपटाबद्दल तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.