‘आज काय करू?’ची धडधड

नोकरी करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी वेगवेगळी कारणं सांगत येतात. कुणाला झोप लागत नाही, कुणाचं डोकं चढतं, कुणाचा मुलांवर हात उठायला लागलेला असतो. दोन-चार भेटी झाल्या की बहुतेकींच्या बोलण्यात एक वाक्य येतंच. “बाकी सगळं ओढून नेईन हो मॅडम, पण रोज स्वयंपाकाला काय करायचं, तेच सुचत नाही.” बेळगावच्या टिळकवाडीतली बँकेत काम करणारी हे म्हणते, निपाणीहून एसटीनं येणारी शिक्षिकाही हेच म्हणते. घरच्यांना ही तक्रार किरकोळ वाटते. “काहीही कर की,” म्हणून ते मोकळे होतात. मी मात्र हे वाक्य नेहमी वहीत लिहून घेते. त्याच्यामागे काय दडलेलं असतं, ते मला एका बाईनं फार स्वच्छ दाखवलं. तिच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथं सांगते.

पस्तिशीतली बाई. माहेर खानापूर तालुक्यात, सासर अनगोळला, स्वतः पतसंस्थेत कामाला. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. घरी सासूबाई आणि चौथीतला मुलगा. छातीत धडधडतं म्हणून ती आधी डॉक्टरांकडे गेली होती. ईसीजी झाला, रक्त झालं, थायरॉईड झालं, कशात काही निघालं नाही. धडधड नेमकी केव्हा होते, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, “चारचा चहा येतो ना ऑफिसात, तेव्हापासून.” कारण मात्र तिला सांगता येईना. बोलता बोलता तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. झटपट भाज्यांचे, डब्याच्या पदार्थांचे, पंधरा मिनिटांत रात्रीचं जेवण असले व्हिडिओ साठवलेले. बोटानं वर सरकवत राहावं तरी संपेनात.

“यातलं काय काय केलंत?”

“एकही नाही,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

पुढच्या भेटीत मी तिला म्हटलं, कालची संध्याकाळ सांगा, पण घड्याळ बघत सांगा.

“चारला चहा आला. तेव्हापासून डोक्यात तेच. मेथी आहे, पण पोरगं खात नाही. बटाटा परवाच झाला. साडेपाचला सुटले, गणपत गल्लीत भाजी बघत फिरले आणि काहीच न घेता घरी गेले. दारात पाय ठेवला की सासूबाई विचारणार, ‘आज काय करूलीस गं?’ तिथंच पोटात गोळा येतो. मग फोन घेऊन बसले. शेवटी बटाटाच केला.”

“गॅस कधी पेटवलात?”

“साडेसातला.”

“ताटं कधी वाढलीत?”

“सव्वाआठ झाले असतील.”

मी कागदावर दोन ओळी लिहिल्या. चार ते साडेसात, काय करायचं ते ठरवणं. साडेसात ते सव्वाआठ, स्वयंपाक. कागद तिच्यासमोर ठेवला आणि गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “स्वयंपाक तर पाऊण तासाचाच आहे की. मी त्याच्या आधीच दमून जातोय.” बोलता बोलता ती आमच्या भागातल्या घरगुती बोलीत शिरली होती. माणूस तसं बोलायला लागला की मला कळतं, आता तो खरं बोलतोय.

तेव्हा मी तिला चार झटपट पदार्थ सांगितले असते तर साठवलेल्या व्हिडिओंत आणखी चारांची भर पडली असती. पाककृतींचा तुटवडा तिला नव्हताच. दिवसभर दमल्यावर, पोटात भूक असताना, एकटीनं निर्णय घ्यायचा आणि तो सगळ्यांना आवडलाच पाहिजे, ही सक्ती तिला खात होती. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. त्यांनी ती १९५० च्या दशकात मांडली आणि तिचा गाभा साधा आहे. आपल्याला त्रास देणाऱ्या गोष्टीइतकंच, तिच्याबद्दल आपण स्वतःला काय बजावत असतो तेही तपासावं लागतं. जेवण चांगलं व्हावं ही इच्छा कुणालाही असावी. त्या इच्छेचा हट्ट झाला की छाती धडधडते.

पण हे असं सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी तिला तिच्या आईबद्दल विचारलं.

“आई काय करायची हो रोज?”

“काय करणार? दुपारी भात आणि आमटी. रात्री भाकरी आणि जे असेल ते. सुगीच्या दिवसांत तर आठ-आठ दिवस मसुराची आमटीच.”

“तुम्ही कंटाळा केलात?”

“छे हो. शाळेतून आल्यावर भाकरीचा वास आला की बरं वाटायचं.”

“आई कमी पडली असं कधी वाटलं?”

“आई? नाही!” ती जवळजवळ ओरडलीच. आणि मग अगदी हळू म्हणाली, “मग माझ्याबद्दल मला का वाटतंय?”

त्या दिवशी मी पुढं काही बोलले नाही. इतकी वर्षं हे काम करताना मी एक शिकले आहे. योग्य प्रश्न समोरच्याच्या तोंडून निघाला की उत्तर देण्याची घाई करायची नाही. ती तो प्रश्न घेऊन घरी गेली. तो तिचा स्वतःचा होता, म्हणून टिकला.

मग आम्ही कामाला लागलो. पहिली गोष्ट, ठरवण्याची वेळ हलवायची. रविवारी सकाळी पोटभर नाश्ता झाल्यावर, सगळे घरात असताना, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आठवड्याचं रात्रीचं जेवण लिहून टाकायचं. पदार्थ घरात आधीपासून येत असलेलेच, नवीन एकही नाही. तिचं पहिलं कॅलेंडर मला अजून आठवतं. सोमवारी अख्खा मसूर आणि भात, मंगळवारी पिठलं-भाकरी, बुधवारी नवऱ्याच्या हातचं उप्पीट, गुरुवारी पालेभाजी, शुक्रवारी चित्रान्न किंवा दहीबुत्ती, शनिवारी मुगाच्या डाळीची खिचडी. रविवार मोकळा. चारचा चहा आला की तिनं स्वतःला एवढंच सांगायचं, ठरलंय, घरी जाऊन बघू.

मसूर सोमवारी ठेवला तो मीच सुचवून. आपल्या भागात मसूर चांगला मिळतो, चणा-राजम्यासारखा रात्रभर भिजवावा लागत नाही आणि कुकरला तीन-चार शिट्ट्यांत मऊ होतो. कांदा, लसूण, घरची कांदा-लसूण चटणी एवढ्यावर आमटी होते. चिंच किंवा कोकम मात्र मसूर शिजल्यावरच घालायचं. आंबट आधी पडलं की कडधान्य लवकर शिजत नाही आणि मग आपण गॅसला आणि नशिबाला दोष देत बसतो. उरलेला मसूर दुसऱ्या दिवशी आटवून घट्ट केला की डब्यात चपातीबरोबर जातो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सासूबाईंच्या ‘काय करूलीस?’ या प्रश्नात तिला टोमणा ऐकू यायचा. मी म्हटलं, एकदा उलट विचारून बघा, पण खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा. तिनं विचारलं, “आत्या, तुम्हाला काय खावंसं वाटतंय?” म्हातारी म्हणाली, “पिठलं कर की. मऊ काहीतरी. दाढा हलायलेत माझ्या, सांगू कसं तुला?” किती तरी दिवस त्या रोज विचारत होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या. मंगळवारचं पिठलं तिथून आलं. पुढच्या भेटीला ती हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. मनात बसलेली समजूत नुसत्या विचारानं ढिली झाली तरी ती निखळते ती अशा एखाद्या छोट्या कृतीनंच. माझ्या कामातला हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे.

सासूबाई मग नुसत्या विचारणाऱ्या राहिल्या नाहीत. दुपारी बसल्या बसल्या लसूण सोलून ठेवू लागल्या, पालेभाजी निवडू लागल्या. भाकरीचंही त्यांनीच सांगितलं. सुनेच्या भाकऱ्या थापताना चिरायच्या आणि ती स्वतःच्या हाताला नावं ठेवायची. सासूबाईंनी पिठाची चिमूट बोटांत चोळून बघितली आणि म्हणाल्या, “पिठाची विरी गेलीय.” ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, दळून बरेच दिवस झालेलं पीठ आणखी मोकळं होतं. परातीत पीठ घेऊन मध्ये खळगा केला, त्यात उकळतं पाणी ओतलं, उलथन्यानं कालवून झाकून ठेवलं आणि हाताला सोसेल इतकं निवल्यावर तळव्याच्या टाचेनं रगडून मळलं. भाकरी कडेपर्यंत न चिरता थापली गेली. ज्या दिवशी तेवढंही नको वाटेल त्या दिवसासाठी बाजारात कडक भाकऱ्या मिळतात, नीट झाकून ठेवल्या तर पुष्कळ दिवस राहतात. त्या घेण्यात कमीपणा मानणाऱ्या बायकांशी मी अजून वाद घालते.

नवऱ्याला बुधवार देण्याचा आग्रह माझा. पहिल्या बुधवारी उप्पिटात मिरच्या जास्त पडल्या, पाणी कमी. तिला मी आधीच बजावून ठेवलं होतं, स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही आणि चूक काढायची नाही. रवा मात्र रविवारीच भाजून डब्यात भरून ठेवा, म्हणजे त्याचं अर्धं काम झालेलं असतं. दुसऱ्याच्या हातचं थोडं बिघडलेलं खाणं हा माझ्या मते या उपचाराचा भागच आहे.

रविवारच्या अर्ध्या तासात मी आणखी थोडंच सांगते. शेंगदाणे भाजून कूट करून ठेवावं. शेंगाचटणी नाहीतर कारळ्याची चटणी, जिला आपल्या शेजारच्या कन्नड घरांत गुरेळ्ळू चटणी म्हणतात, बरणीत कायम असावी. एखादं जेवण फसलं तरी भाकरी, चटणी आणि ताक यांवर रात्र निभावते. मिरच्यांचे देठ काढून त्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात, कोथिंबीर न धुता कागदात गुंडाळून. ओलं खोबरं खवून फ्रीजरमध्ये. दहीबुत्तीसाठी किंवा चित्रान्नासाठी भात उरवायचा असेल तर तो ओट्यावर रात्रभर ठेवू नये. शिजल्यावर पसरून निवू द्यावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकावा, कारण उबेत राहिलेल्या भातात पोट बिघडवणारे जंतू वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. सगळ्या आठवड्याच्या भाज्या चिरून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. त्यानं रविवार मरतो आणि गुरुवारपर्यंत भाजीही मरते.

एक गोष्ट थांबून सांगते. काय करू सुचत नाही, इतपत असेल तर कॅलेंडर पुरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक आणि झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो प्रश्न स्वयंपाकाचा राहत नाही. अशा वेळी मी स्वतः मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. आपल्याला धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

या बाईची धडधड दीड-दोन महिन्यांत उतरली. कॅलेंडर दर आठवडी पाळलं गेलं असं मुळीच नाही. कधी गुरुवारची पालेभाजी शनिवारवर जाते, कधी पाहुणे येतात, कधी बाहेरून वडापाव येतो. आता तसं झालं तर ती चौकटीत काट मारते आणि पुढच्या दिवसाकडं वळते.

राहता राहिला मुलगा, कारण हा प्रश्न मला प्रत्येक आई विचारते, “पोरगं खातच नाही हो.” त्याच्यासाठी वेगळं शिजवणं आम्ही बंद केलं. ताटात सगळं थोडं वाढायचं, दोन घास खाऊन बघ म्हणायचं, नको असेल तर भाकरी-चटणी आणि दूध आहे. रागवायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, दुसरा गॅस पेटवायचा नाही. पहिले काही दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं आणि आजी विरघळायला लागली होती, पण तिनंही धीर धरला. मसूर आणि मेथी तो आता खातो. शेपू अजून खात नाही. त्या दिवशी भाकरी-चटणी खाऊन अभ्यासाला बसतो.