बूट काढायच्या आधीच

प्रश्न: आम्ही दोघं वर्षभर वेगळे राहतोय, कोर्टात केस चालूय. मुलगा ९ वर्षांचा. रविवारी बाबांकडून आला की बूट काढायच्या आधीच म्हणतो, "आई, मी तिकडे मज्जा नाही केली हां." काय करू?

उत्तर: ताई, वाचून पोटात कालवलं. तो खोटारडा नाहीये, तो तुम्हाला सांभाळतोय, आणि तिकडे गेला की बाबांनाही असंच सांभाळत असणार बिचारा. त्याला एकट्याला समुपदेशकाकडे नेऊन भागणार नाही, फॅमिली थेरपीत आईबाप दोघांनी यायला हवं, एकत्र जमत नसेल तर वेगवेगळ्या वेळी. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची सोय आहे, वकिलांना सांगून मागून घ्या. फीचे, तारखांचे निरोप त्याच्या हाती धाडणं आजपासून बंद, थेट मेसेज करा. आणि येत्या रविवारी दार उघडल्याउघडल्या तुम्हीच विचारा, "काय काय मज्जा केली रे?"