राजीनामा नको, रजा मागा

कामातून काही महिने बाजूला होऊन विश्रांती घ्यायची आणि फिरायचं, तर ते कसं जमवायचं, असं विचारणारी तीन पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात मी प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. वय 38, इथे 11 वर्षं झाली. शरीर आणि डोकं दोन्ही थकलंय. सहा महिने थांबावं, फिरून यावं असं वाटतं. आमच्याकडे सॅबॅटिकल, म्हणजे नोकरी राखून घेतलेली लांब रजा, हा प्रकार कुणी ऐकलेला नाही. राजीनामा देऊन आल्यावर नवी नोकरी शोधू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शक्यतो राजीनामा देऊ नका. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्यावर होतो: एका महिन्याची ती रक्कम भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. आज सोडलंत तर तुमची 11 वर्षं आजच्या पगारावर मोजली जातील. टिकून राहिलात तर हीच वर्षं पुढच्या वाढलेल्या पगारावर मोजली जातात. मंजूर रजेने सेवेत खंड पडत नाही, पण ती मंजूर असल्याचा कागद हवा. मालक तोंडी ‘जा की’ म्हणाले आणि हजेरीपटावर सहा महिने ‘गैरहजर’ लागत राहिलं, तर पुढे भांडण तिथेच सुरू होतं. कारखान्याच्या लेटरहेडवर पत्र घ्या, निदान ई-मेलवर उत्तर तरी घ्या.

अर्ज चार महिने आधी द्या. त्यात ‘बिनपगारी विशेष रजा’ असं स्पष्ट लिहा आणि पाच गोष्टी मागा: सुरुवातीची व रुजू होण्याची तारीख, परत आल्यावर तेच पद व तोच पगार, सेवा सलग धरली जाईल असं वाक्य, ग्रुप मेडिक्लेम चालू राहणार का आणि त्याचा हप्ता कोण भरणार, आणि तुमचं काम कोण बघणार. पाचव्या मुद्द्यावरच मालकाचं मन वळतं. त्याला धास्ती असते ती लाईन अडण्याची आणि कस्टमर ऑडिटची. हाताखालच्या माणसाला दोन महिने आधीपासून तयार करा, ऑडिट आणि मोठी डिस्पॅच टाळून तारखा सुचवा. सहा महिन्यांना नकार आला तर तीन मागा. तीन महिनेही चांगला आराम देतात, फक्त त्यात प्रवास कमी ठेवावा लागतो.

पीएफमध्ये त्या काळात भरणा होणार नाही, पण आधीच्या शिलकीवर व्याज चालू राहतं. ते दिवस कंपनीच्या मासिक विवरणात ‘एनसीपी’ (भरणा न झालेले दिवस) म्हणून दाखवले जातात आणि पेन्शनच्या सेवेतून तेवढे वजा होतात. सहा महिन्यांसाठी हे सोसण्यासारखं आहे.

ज्यांचा पगार 21,000 च्या आत आहे आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू आहे, त्यांनी मात्र महिने जपून निवडावेत. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन अंशदान काळ (पगारातून विम्याचा वाटा कापला जाण्याचे काळ) असतात. आजारपणाचा रोख लाभ मिळायला एका काळात 78 दिवसांचं अंशदान लागतं. एप्रिल ते सप्टेंबर सलग बिनपगारी गेलात तर पुढच्या जानेवारी ते जून या काळात तो लाभ मिळत नाही. रजा जुलै ते डिसेंबर घेतली तर दोन्ही काळांत तीन-तीन महिने पगारी उरतात. तरी त्यात 78 दिवस भरतात का, ते हजेरीवरून आधी मोजून घ्या.

पैशांचं गणित बहुतेकांचं एकाच ठिकाणी फसतं: सहा महिने रजा म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवतात. रुजू झाल्यावर पहिला पगार महिनाअखेरीस येतो, आणि हजेरीची कट-ऑफ 20 किंवा 25 तारखेला असेल तर तोही अर्धवट. म्हणून आठ महिने धरा. घरखर्च 28,000 आणि कर्जाचा हप्ता 14,000 असेल तर महिना 42,000, आठ महिन्यांचे 3,36,000. शाळेची फी, विम्याचे वार्षिक हप्ते, दिवाळी यांपैकी जे त्या काळात पडेल ते वेगळं. प्रवासाचा खर्च त्याहून वेगळा. हप्त्याची रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवून तिथूनच ऑटो-डेबिट लावा. प्रवासात एक हप्ता चुकला तरी सिबिलवर नोंद होते. वैयक्तिक आरोग्य विमा नसेल तर आत्ताच घ्या. अपघात सोडता पहिले 30 दिवस आजारपणाचा दावा चालत नाही, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात काढलेली पॉलिसी अपुरी पडते.

प्रश्न : मी साताऱ्यात राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक आहे. सेवा 14 वर्षं. नर्मदा परिक्रमा पायी करायची आहे. रजा कशी बसवू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी दिवस मोजू. नर्मदेची लांबी 1,312 किलोमीटर. दोन्ही काठ धरले की 2,600 च्या वर जातं, आणि वाटेचे वळसे मिळून तीन हजार धरून चाला. रोज 20 ते 25 किलोमीटर म्हणजे 120 ते 150 दिवस. त्यात दुखण्याचे, थांबण्याचे पंधरा दिवस घाला. गुजरातेत विमलेश्वरहून समुद्रमुखाजवळ नावेने पलीकडे जावं लागतं. ती नाव भरतीवर चालते, तिथेही मुक्काम वाढू शकतो. चातुर्मासात परिक्रमा चालत नाहीत, म्हणून कार्तिकी एकादशीनंतर निघायचं. उन्हाळा तापायच्या आत संपवायची तर उशीर करून चालत नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही. निवडणूक किंवा जनगणनेचं काम असेल तर नकार येऊ शकतो, त्यामुळे साहेबांशी दिवाळीच्या बऱ्याच आधी बोला. सेवापुस्तकावरून शिल्लक काढा. अर्जित (पूर्ण पगारी) रजा जानेवारी व जुलैच्या 1 तारखेला 15-15 दिवस जमा होते, अर्धवेतनी वर्षाला 20 दिवस. आधी अर्जित वापरा, उरलेल्या दिवसांसाठी अर्धवेतनी जोडा. असाधारण रजा शेवटी. ती बिनपगारी असते आणि वैद्यकीय कारण नसेल तर वेतनवाढ तेवढी पुढे ढकलली जाते. शिवाय पुढच्या सहामाहीत जमा होणाऱ्या अर्जित रजेतून तिच्या एक दशांश दिवस कापले जातात. आजारपणाचं खोटं प्रमाणपत्र जोडून परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजेचं पूर्ण पगारी रूप) घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. परिक्रमेचे फोटो गावभर पोचतात, आणि मग प्रकरण चौकशीवर जातं. अर्जात खरं कारण लिहा आणि गरजेपेक्षा पंधरा दिवस जास्त मागा. वाटेतून मुदतवाढ मागण्यापेक्षा लवकर रुजू व्हायची परवानगी मागणं सोपं.

सराव अजिंक्यताऱ्यावर करून भागणार नाही. चढाने मांड्या तयार होतात, पण परिक्रमेत तळवे सोलतात, कारण बराचसा रस्ता डांबरी आहे. पाठीवर भरलेली सॅक घेऊन सज्जनगडाच्या रस्त्याने सलग दोन दिवस चाला. दुसऱ्या दिवशी फोड आले तर बूट किंवा मोजे बदलायचे. सॅक सहा-सात किलोंच्या वर नको. जायला साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ, तिथून खंडवा, मग बसने ओंकारेश्वर. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं.

प्रश्न : मी सहकारी बँकेत आहे. दोन महिन्यांची रजा मिळतेय, जून-जुलै किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मला मुख्यतः आराम हवाय. घर सांगलीत नदीजवळ, तळमजल्यावर. कोणते महिने घेऊ?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ऑक्टोबर-नोव्हेंबर. सप्टेंबरअखेरची सहामाही संपलेली असते, त्यामुळे बँकेतून फोन कमी येतात. जुलै संपता संपता कृष्णेचं पाणी वाढायला लागतं. आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर इशारा आणि 45 वर धोका असतो. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तळमजल्याचं घर कुलूप लावून अशा दिवसांत दूर जाऊ नका, आराम होणारच नाही.

पहिले दहा-बारा दिवस कुठेही जाऊ नका. झोप रुळावर यायला तेवढा वेळ लागतो, आणि थकलेल्या शरीराने निघालं की तिसऱ्या मुक्कामी ताप येतो. ‘रजेवरच आहेस ना’ म्हणून नातेवाइकांची कामं याच दिवसांत अंगावर येतात. घरकाम आणि दिवाळीची तयारी यांसाठी आठवड्यातल्या दोन सकाळी ठरवा आणि तसं घरात सगळ्यांना सांगून टाका. बाकीच्या दिवसांना हात लावू देऊ नका.

मग सात ठिकाणं धावत बघण्यापेक्षा एका गावी दहा दिवस खोली घ्या. वाई त्यासाठी उत्तम: कृष्णेचे घाट, मेणवली चालत जाण्याजोगी, पाचगणीला वर जायला एसटी. कास पठारावरची फुलं ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही उरलेली असतात. आधी ऑनलाईन बुकिंग करा आणि शनिवार-रविवार टाळा. वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद असतो. तो उघडल्याची खात्री करूनच बामणोलीला जा. तिथे वनखात्याची परवानगी आणि बोट दोन्ही लागतात, म्हणून सकाळी लवकर पोचा. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार आणि सात दिवसांचा मिळतो, पण महिलांना तिकीट अर्धंच आहे. एका गावी राहून फिरणार असाल तर पास बहुधा महाग पडेल. आगारात विचारून दोन्हींची बेरीज करून बघा.